कडेला ठेवलेल्या वस्तू

२० नोव्हेंबर १९९४, रविवार

गॅलरीतलं टेबल आज पुरतं मांडून झालं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक मोडकी वस्तू माझ्याकडे येते, तेव्हा त्या वस्तूंना एक जागा हवीच होती. डाव्या हाताला कानस, पॉलिश पेपर, स्पिरिट. उजव्या हाताला अ‍ॅरल्डाइटच्या दोन ट्यूबा आणि सुपर ग्लू. मध्ये काचेचा तुकडा, मिश्रण कालवायला. चित्रकलेच्या तासाला मुलांना जे सांगत आलो तेच इथेही लागू. आधी स्वच्छता, मग कला.

सकाळी निळ्या कपाचा कान चिकटवला. दिवाळीपासून बरेच कप झाले. दोन्ही टोकं खरवडली, स्पिरिटने पुसली, टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच सुपर ग्लू लावून दाबून धरलं. लोक भसाभसा ओततात आणि मग म्हणतात चिकटत नाही. जितका कमी तितका घट्ट. पण गरम चहाला तो टिकेल याची खात्री नाही, म्हणून त्यात पेन्सिली ठेवल्या.

ही म्हणाली, "अहो, टाकून द्या की. किती जोडाल?"

मी म्हटलं, "तू फोडायचं थांबव, मी जोडायचं थांबवतो."

ती हसली नाही. एरवी हसली असती.

दुपारी काल्हेरहून बाळाराम आला. माझा जुना विद्यार्थी, चित्रकलेत ढ, पण जीव लावणारा. खाडीकाठच्या शेतांवर आता त्याची गोडाऊनं उभी आहेत आणि नवा बंगला होतोय. त्याने खिशातून एक पिवळा पडलेला फोटो काढला. त्यात एक मचवा, माल वाहायची शिडाची होडी.

"सर, ह्यो माजे बापाचा मचवा. कौलं, गवत, भात, समदा यातनं ठाण्याला नेवाचा. आता बापूस न्हाय, मचवा पन न्हाय. मना हॉलमदी त्यो पायजे. लहान, पन खराखुरा. माघात वास्तुशांत हाय. तवर करशील?"

हो म्हटलं. एवढं मोठं काम आयुष्यात कोणी मला सांगितलं नव्हतं.

ही समोर बसून ब्लाउजला हुक लावत होती. पहिल्याच खेपेत सुई ओवली. बाळाराम म्हणाला, "बाईंची नजर अजून झ्याक हाय."

२९ नोव्हेंबर, मंगळवार

मचव्याचा कणा आणि फासळ्या उभ्या राहिल्या. फोटोवरून मापं काढणं कठीण, पण बाळारामच्या आईने, गोदूबाईने, पुष्कळ सांगून पाठवलंय. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, फोटोत दिसते त्याहून उंच होती म्हणे.

सागाच्या पातळ पट्ट्या फासळ्यांवर बसवताना अ‍ॅरल्डाइटच हवं. दोन्ही ट्यूबांमधलं सारखं घ्यायचं, रंग एक होईपर्यंत कालवायचं, लावून रात्रभर हात लावायचा नाही. थंडीत ते हट्टी होतं. ट्यूबा आधी उन्हात ठेवल्या की नीट वागतं. फटीत लाकडाचा भुसा मिसळून भरतो.

संध्याकाळी शेजारच्या प्रमोदिनीवहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "विद्युल्लताताई रागावल्यात का माझ्यावर? मंडईत अगदी शेजारी उभी राहून हाक मारणार तोवर निघून गेल्या. ओळखसुद्धा दाखवली नाही."

हिला विचारलं. "मला दिसल्या नाहीत," म्हणाली.

हाताच्या अंतरावरचं माणूस दिसलं नाही, हे कोण मानेल? वहिनींशी काही बिनसलं असेल तर तसं सांगावं. मी काय भांडायला जाणार आहे?

५ डिसेंबर, सोमवार

लिंबाच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी गेली. तिच्या आईची होती. ओट्याच्या उजव्या टोकाला ठेवलेली, ही वळली आणि कोपराने खाली. लोणचं, तेल, तुकडे, सगळी जमीन पिवळी.

"समोर बघून काम करावं माणसाने," मी म्हणालो.

"समोरच बघत होते," ती म्हणाली.

या उत्तराचा मला फार राग आला. म्हणजे बघून फोडली. तुकडे मी धुऊन वाळवले. ती म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, तुझ्याच आईची आहे, जोडतो. अ‍ॅरल्डाइटने उत्तम जुळली, पण खाण्याचं आता त्यात ठेवता येणार नाही. तिला दाखवली तर बघून न बघितल्यासारखं केलं, कपाळाला बाम चोळून पडून राहिली. हल्ली रोज डोकं दुखतं. यंत्रमागांच्या, लूमच्या, आवाजाने म्हणावं तर ह्या आळीत आम्ही तीस वर्षं राहतोय. तो आवाज आम्हाला ऐकूही येत नाही.

मला एक शंका येते ती लिहून ठेवतो. माझं दिवसभर घरात असणं हिला जड जात असावं. तीस वर्षं हे घर दिवसा तिचं एकटीचं होतं. आता गॅलरीत मी, माझा भुसा, माझा वास. तोंडाने बोलायची तिची पद्धत नाही.

१२ डिसेंबर, सोमवार

डोळे चुरचुरतात. सुपर ग्लूच्या वाफेने. गॅलरीची खिडकी उघडी ठेवतो तरी वाकून काम करताना वाफ थेट डोळ्यांत जाते. नाक्यावरच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते, ती बाटली संपली, दुसरी आणली.

रिकाम्या बाटलीचा मात्र मोठा उपयोग झाला. सुपर ग्लूची ट्यूब दाबली की भसकन येतो. थेंबांच्या बाटलीतून एकेकच थेंब पडतो, सुबक. लेबल खरवडून काढलं, शाईने 'चिकट' लिहिलं. आता मचव्याच्या कठड्याची बारीक कामं झटपट होतात. आणि फट राहिली तर खायच्या सोड्याची चिमूट टाकून वर एक थेंब. क्षणात दगड.

एक थेंब बनियनच्या कापडावर सांडला तर चटका बसला. कापसाशी याचं जमत नाही, तापतो. ध्यानात ठेवायला हवं.

१६ डिसेंबर, शुक्रवार

आज टेबलाला हात लावला नाही.

शुक्रवारी लूम बंद, रस्ते जरा मोकळे असतात म्हणून दोघं शेलारला तिच्या मावसबहिणीकडे निघालो होतो. रिक्षा पकडायला रस्ता ओलांडायचा होता. मी तिच्या डावीकडे. ती पाऊल टाकते तोच उजवीकडून सुताची बाचकी लादलेला टेम्पो आला. लांबून येत होता, आवाज करत येत होता, कोणालाही दिसावा असा. ती चालतच राहिली. मी दंड धरून ओढली, तेव्हा टेम्पोची फळी तिच्या पदराला चाटून गेली. ड्रायव्हर थांबून ओरडला, "माताजी, मरना है क्या?"

ती टेम्पोकडे बघत राहिली. "हा कुठून आला?" एवढंच म्हणाली.

शेलारला गेलोच नाही. घरी आल्यावर दंडाला तेल लावून देताना तिच्या खांद्यावर काळेनिळे डाग दिसले. जुने, नवे, दोन्ही खांद्यांवर. विचारलं तर म्हणाली, "चौकट लागते."

"तीस वर्षं नाही लागली ती?"

तिने पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाली, "मी आता बाहेर नाही जाणार. तुम्हीच भाजी आणत जा."

ड्रायव्हरचा प्रश्न दिवसभर माझ्या डोक्यात आहे. तो मी तिला विचारू शकत नाही.

२६ डिसेंबर, सोमवार

डोलकाठी मोडली. परवा उभी केली होती, दोऱ्या ताणल्या होत्या, परबाण, म्हणजे शिडाचं आडवं लाकूड, काल संध्याकाळी चढवलं होतं. सकाळी ही कपडे वाळत घालायला गॅलरीत आली आणि बादली घेऊन वळताना टेबलाच्या कडेला असलेल्या मचव्यावरून तिचा हात गेला. डोलकाठी मुळातून तुटली, तिच्यासकट कठड्याचा एक भागही उपटून आला.

मी तेव्हा टेबलापाशीच होतो. ती मचव्याकडे बघत नव्हती. सरळ दोरीकडे बघत होती. शांतपणे. एखाद्या गोष्टीला धक्का लागणार हे माहीत असताना माणूस जसा मुद्दाम दुसरीकडे बघतो, तशी.

मी नको ते बोललो. "हे तू मुद्दाम करतेस" असं बोललो. "कप झाले, बरणी झाली, आता माझं काम राहिलं होतं."

तिने बादली खाली ठेवली. म्हणाली, "मुद्दाम करत असेन."

हे काय उत्तर झालं? भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२९ डिसेंबर, गुरुवार

बोलणं बंद. ताट वाढते, समोर ठेवते, निघून जाते. मीही विचारत नाही. डोलकाठीची खोबण साफ करून ठेवली, पण बसवायला मन होत नाही.

५ जानेवारी १९९५, गुरुवार

एका डोळ्याने लिहितोय. उजव्यावर पट्टी.

परवा दुपारी जेवून पडलो होतो. डोळे फार चुरचुरत होते. उशाशी स्टुलावर तबकडी असते, त्यात चष्मा, बाम, थेंबांची बाटली. हात लांबवून बाटली घेतली, झाकण काढलं, उताणाच डोळा उघडून थेंब टाकला. थेंब पडताक्षणी कळलं. औषध गार असतं, हा निखारा होता. मिटायला नको होता तो डोळा मिटला आणि मिटलाच राहिला. पापण्या एकमेकींना धरून बसल्या.

या वस्तूची जात मला माहीत, म्हणून एवढी शुद्ध राहिली की ओढायचं नाही, चोळायचं नाही. पाणी, पाणी म्हणून ओरडलो. ही धावत आली, दाराची चौकट तिला लागल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि तांब्यामागून तांबे पाणी ती माझ्या तोंडावर ओतत राहिली. प्रमोदिनीवहिनींनी रिक्षा आणली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पापण्यांचे केस कापले, मलम भरलं, पट्टी बांधली. म्हणाल्या, पापणी आपोआप सुटेल, ओढू नका. बुबुळाचं काय झालंय ते सुटल्यावरच कळेल. "सुपर ग्लू औषधाच्या बाटलीत कोणी भरला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. "आणि ती उशाशी कोणी ठेवली?" ही म्हणाली, "मी."

त्या सकाळी तबकडी मी गॅलरीत नेली होती. झाडताना हिचा धक्का लागून सगळं सांडलं. हिने गोळा करून तबकडी जागेवर ठेवली. बाटली तेवढ्याच आकाराची, उचलली आणि ठेवली, म्हणते. 'चिकट' लिहिलेलं वाचलं नाही का? घाईत होते, म्हणते.

माधवी कल्याणहून काल आली. पोरीला बघून बरं वाटलं. तिने गॅलरी झाडली तर औषधाची खरी बाटली टेबलाच्या पायापाशी सापडली. "आई, अगं ही इथेच तर पडलीये, उघड्यावर," माधवी म्हणाली.

उघड्यावर पडलेली बाटली दिसली नाही, आणि नेमकी दुसरी दिसली.

मी हे लिहू नये, पण ही वही कोणी वाचत नाही. पडल्या पडल्या माझ्या मनात येतं की हिला मी नको झालोय. मी मरावं असं वाटत नसेल, पण मला दिसू नये असं वाटत असेल. मग वाटतं, टेम्पोपुढे तर ती स्वतः चालली होती. मग दोन्ही विचारांची भीती वाटते आणि मी माधवीला हाक मारतो. हिला नाही.

७ जानेवारी, शनिवार

आज पट्टी काढायला गेलो. माधवी सोबत होती, हीही आली. रस्त्यात माधवीने तिचा हात धरला होता.

पापणी अर्धी सुटली आहे. बुबुळावर ओरखडा आहे पण खोल नाही, भरून येईल. डॉक्टरीणबाईंनी नवं मलम लिहून चिठ्ठी हिच्याकडे केली. ही त्यांच्या टेबलाच्या बाजूला उभी होती, तोंड माझ्याकडे. बाईंचा हात तिच्या कुशीजवळ तसाच राहिला. ही घेईना. मला आतून लाज वाटली. लोकांसमोर तरी असं वागू नये.

बाईंनी चिठ्ठी जरा पुढे, तिच्या नजरेसमोर आणली. हिने लगेच घेतली.

मग बाई माझ्याशी बोलायच्या थांबल्या. हिला म्हणाल्या, "ताई, तुम्ही बसा जरा." हिने खुर्ची ओढताना बाजूच्या स्टँडला पाय लागला. बाईंनी ते बघितलं. समोर बसून एक डोळा झाकायला सांगितला. "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बोट दिसलं की हो म्हणा."

बाईंचं बोट कानाच्या बाजूने हळूहळू पुढे येत होतं. ही गप्प. माधवी म्हणाली, "आई, बोट." बाईंनी तिला खुणेने थांबवलं. बोट पार गालापुढे, नाकाच्या रेषेजवळ आलं तेव्हा ही म्हणाली, "हो." दुसरा डोळा, दुसऱ्या कानाच्या बाजूने. तसंच.

"समोरचं वाचता येतं?" बाईंनी तक्ता दाखवला. हिने खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"डोकं दुखतं का? कधीपासून?"

"दसऱ्याच्याही आधीपासून," ही म्हणाली. मला वाटत होतं दिवाळीनंतर.

बाई मग आम्हा दोघांना समजावून बोलल्या. यांना समोरचं सगळं दिसतं, दोन्ही कडांचं दिसत नाही. डोळे चांगले आहेत. डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे काहीतरी दाबत असावं. मुंबईला जाऊन स्कॅन करा. थांबू नका.

मी विचारलं, "म्हणजे शेजारी ठेवलेलं हिला..."

"नाही," बाई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी ते नसतंच."



८ जानेवारी, रविवार

माधवी हिला घेऊन प्रमोदिनीवहिनींकडे गेली होती. मी पुठ्ठ्याची झापडं कापली, टांग्याच्या घोड्याला असतात तशी, आणि चष्म्याच्या काड्यांना दोऱ्याने बांधली. एक डोळा तसाही अजून धूसर आहे. मग स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत चाललो.

ओट्यावर काय आहे ते वळल्याशिवाय कळत नाही. वळलं की कोपर आधीच तिथे पोचलेलं असतं. दाराची चौकट खांद्याला लागली. चुकून नव्हे. पुन्हा गेलो, पुन्हा लागली, त्याच जागी, जिथे तिला डाग आहेत. गॅलरीत टेबलापाशी उभा राहून कपड्यांच्या दोरीकडे बघितलं. मचवा नव्हता. टेबलच नव्हतं. समोर दोरी आणि आकाश, स्वच्छ.

झापडं काढून कचऱ्यात टाकली. ती येण्याआधी बाहेर नेऊन टाकली.

संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, ते काही आठवेना. म्हटलं, "मी 'मुद्दाम करतेस' म्हणालो होतो."

"हो."

"तू का नाही सांगितलंस? काहीतरी होतंय म्हणून?"

ती म्हणाली, "काय सांगणार? न दिसणारं न दिसतंय हे कळतं का? मला वाटायचं माझं लक्ष उडालंय. आईचं शेवटी झालं तसं. ती नाही का, भांडी भलतीकडे ठेवायची, माणसं विसरायची. मला वाटलं मलाही वेड लागणार. आणि तुम्ही रोज टोकायचात, शेवटी म्हणालात, मुद्दाम करतेस. रोज ऐकलं की पटायला लागतं. वाटलं, असेल. आत कुठेतरी राग असेल तुमच्यावर, आपल्याला न कळणारा."

"आहे का?"

"आता आहे," ती म्हणाली. मग माझा हात तिने हातात घेतला, आणि तो नेमका कुठे आहे ते बघायला तिला मान वळवावी लागली.

१२ जानेवारी, गुरुवार

स्कॅन झाला. मेंदूखाली पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ वाढली आहे. कर्करोगाची बहुधा नाही, असं म्हणाले. 'बहुधा' हा शब्द डॉक्टरांनी वापरू नये. ती काढली नाही तर समोरचंही जाईल.

बाळारामने जीप पाठवली नाही, स्वतः चालवत घेऊन आला. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या तेव्हा मी मचव्याचा विषय काढला. म्हटलं, वास्तुशांतीपर्यंत होईलसं दिसत नाही.

"सर, मचव्याचा इचार करू नको आता," तो म्हणाला. "बाईंचा बघ."

३० जानेवारी, सोमवार

मुंबईच्या मोठ्या सर्जनांची तारीख मिळाली. नाकातून आत जाऊन गाठ काढतात म्हणे, कवटी उघडत नाहीत. माझा विश्वास बसेना. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्र वाईट होतं, पण समजलं. त्यांनी धोकाही सांगितला. नसा आधीच पिचलेल्या आहेत. हात लागला तर उरलंसुरलं दिसणंही जाऊ शकतं. आणि काढली तरी कडेचं परत येईलच असं नाही.

माधवी म्हणाली दुसऱ्या कोणाला तरी विचारू. मीही म्हटलं, विचारू. ही म्हणाली, "मला विचारा की कोणीतरी." मग म्हणाली, "करायचं."

आज बाळाराम मचवा घेऊन गेला. मी म्हटलं, डोलकाठी बसवून देतो, एक दिवस दे. तो म्हणाला, "आई बोलली, पावसाल्यात मचवा वर ओढला का डोलकाठी उतरवूनच ठेवाची. तसाच ऱ्हावं दे. आमचा मचवा पावसाल्यातला." सुकाणू, कठडा, नाळ, सगळं त्याने बोट फिरवून बघितलं. नाळेवर हात ठेवून उभा राहिला थोडा वेळ. गॅलरीतलं टेबल आता रिकामं आहे. मी सगळ्या बाटल्या बांधून माळ्यावर टाकल्या.

घरात कुठेही काहीही कडेला ठेवत नाही. तिच्याशी बोलायचं झालं की समोर जाऊन उभा राहतो. ती म्हणते, "सारखे पुढ्यात काय येता, पोलिसासारखे."

८ फेब्रुवारी, बुधवार, मुंबई

उद्या. तिचं मंगळसूत्र, बांगड्या माधवीकडे. हिरव्या झग्यात ती लहान दिसते.

मला जवळ बोलावून म्हणाली, "समोर या. असे. हलू नका." आणि बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मला कुठे बघावं ते कळेना. मी विचारलं, काय बघतेस?

"बघून ठेवते," ती म्हणाली.

९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नेली. दार बंद झालं. बाकावर मी, माधवी, बाळाराम. बाळारामने चहा आणला, कोणी प्यायला नाही. आयुष्यभर मला हाताला काम हवं असतं. आज हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. भीती अशी होती की देवाचं नाव घ्यायला गेलो तर मध्येच थांबलो, वाटलं, मागताना काही चुकीचं मागितलं गेलं तर?

दुपार टळून गेल्यावर सर्जन बाहेर आले. गाठ निघाली. जिवाचं भय नाही. डोळ्यांचं आत्ता काही सांगता येणार नाही.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

नाकात बोळे, तोंडाने श्वास घेते. डोळे सुजलेले, मिटलेले. बोलायला मनाई. हात दाबला की दाबते. उघडल्यावर दिसेल का, हे मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, "काका, उघडू द्या आधी."

११ फेब्रुवारी, शनिवार

डोळे उघडले. डॉक्टरांनी समोर बोटं धरली, तिने बरोबर सांगितली. म्हणजे होतं ते गेलेलं नाही. मी वॉर्डाबाहेर जाऊन जिन्यात बसलो आणि रडलो. माधवीने बघितलं.

कडेचं विचारायचं धाडस झालं नाही. डॉक्टरही म्हणाले, घाई करू नका.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आज तिला खाटेला टेकून बसवलं होतं. खिडकीकडे तोंड, तिथून पिंपळाचा एक तुकडा दिसतो. माधवी औषधं आणायला गेली होती. समोर यायला जागा नव्हती, सलाइनचा स्टँड मध्ये होता, म्हणून मी स्टूल घेऊन तिच्या उजव्या कुशीला बसलो. ती झोपेत असावी असं वाटलं. मी गप्पच होतो, चाहूलही दिली नव्हती.

पिंपळाकडे बघत, मान तसूभरही न वळवता, नाकातून अडखळत ती म्हणाली,

"दाढी केली नाही तुम्ही."

मी गालावरून हात फिरवला. गुरुवारपासून केली नव्हती.

"किती वाईट दिसतं ते," ती म्हणाली. अजूनही पिंपळाकडेच बघत होती.

खाली जाऊन कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे दाढी केली. मग वर येऊन त्याच जागी, तिच्या कुशीला, जाऊन बसलो.